पाठमोकळ्या चोळीचा निवाडा

श्रीआदिमाया, जिने आकाश मोकळे ठेविले आणि पृथ्वीस हिरवे वस्त्र नेसविले, आणि त्या दोहोंपैकी कोणाचाही न्याय मांडिला नाही, तिचे चरणी मस्तक ठेवोन लेखनास आरंभ करितो. साहेबी आज्ञा केली की, शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, माघमासी आपले राज्यात नवरीच्या चोळीवरून जो कज्जा जाहला त्याचे वर्तमान लोक नाना तऱ्हांनी सांगतात, तरी तुम्ही हुजूर दफ्तरी होता, डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले, ते यथास्थित लिहोन पाठवावे. आज्ञा शिरी धरोन लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे शेजारची राज्ये म्हणतील, हे तिकडचे, आमचे नव्हे.

आपले राज्य धुक्याचे. तळे मोठे, समुद्रच म्हणावा, आणि माघ-फाल्गुनात धुके पाण्यावरून उठोन पेठेत येते आणि दोन प्रहरपर्यंत जात नाही, आणि माणसे एकमेकांस आधी आवाजाने कळतात आणि मग रूपाने. घरे तरंगलीसी दिसतात, देवळाचा कळस खाली काही नसता वर एकटाच उभा असतो, आणि परका मनुष्य आला तर आपण जागे की निजलेले ऐसे विचारू लागतो. ऐशा गार मुलखात बायका जुन्यापासून जाड वस्त्र नेसत, चोळी मानेपासून मनगटापर्यंत आणि वर शेला. मग एके साली दक्षिणेकडून चितारी आले, आणि त्यांनी तिकडील नवरींच्या तसबिरी आणिल्या, सर्व पाठमोऱ्या. चोळी पाठीस मोकळी, दोन बंद मात्र, केस वर बांधलेले, ओढणी असोन नसल्यासारखी. बायका पाहोन म्हणाल्या, "अगबाई, काय ही निलाजरी!" आणि आणखी एकवार पाहावयास मागितल्या. सहा महिन्यांत ऐसे जाहले की ज्या नवरीची पाठमोरी तसबीर निघाली नाही तिचे लग्न जाहले किंवा नाही याचीच लोकांस शंका येऊ लागली. ती चोळी घालावी तर निर्लज्ज म्हणावे आणि न घालावी तर गावंढळ म्हणावे, आणि दोन्ही म्हणणारी तोंडे तीच.

तळ्यावरील नावांचे सरदार बाजी नाईक. त्यांस दोन कन्या, थोरली हंसाबाई, वय वर्षे बावीस, आणि धाकटी द्वारका. हंसाबाई थोडे बोलणारी, कशिद्यात निपुण, आणि तो कशिदा ती आपली आत्या म्हाळसाबाई हिजपाशी शिकली, जी तळ्यापलीकडे मळ्यात एकटी राहत असे. म्हाळसाबाई सासरहून परत आलेली आहे इतके लोकांस ठाऊक होते. का आली ते बावीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते, कारण तिला घरच्यांखेरीज कोणी पाहिलेच नव्हते. हंसाबाईंचे लग्न डोंगरावरील किल्लेदारांचे घरी ठरले. किल्लेदार वारलेले, पुत्र निळोजीराव नवरा मुलगा, आणि घरचा कारभार सर्व मातुश्री उमाऊसाहेब यांचे हाती. किल्ला आणि तळे एक होतात म्हणोन राज्यात सर्वांस संतोष जाहला, आणि साखरपुडा जाहला, आणि मग पंधरा दिवसांनी किल्ल्यावरून एक चिठी आली.

ती चिठी घरच्यांबाहेर प्रथम आवडाबाई शिंपिणीने वाचिली, आणि पुढील मजकूर तिने मजला मागाहून सांगितला. आवडाबाई चाळीस वर्षे सरदारांच्या लेकीसुनांच्या चोळ्या बेतीत असे, तोंडाची फटकळ, हाताची सोन्यासारखी. ती मापे घ्यावयास गेली, धुके खिडकीतून आत आले होते, आणि हंसाबाई धुक्यात पाठमोरी उभी. आवडाबाईने चिठीवरील मापे पाहिली आणि सुई दातात धरोन बोलिली, "बाईसाहेब, एवढी पाठ उघडी? मान ते कंबर? तसबिरीतल्या बायांनीसुद्धा वीतभर कापड राखले आहे हो."

हंसाबाई म्हणाली, "लिहिले आहे तैसे कापा, मावशी."

"हौसेला मोल नसते म्हणतात, खरे. पण चार लोकांत बापाचे नाव आहे."

"हौस माझी असती," हंसाबाई म्हणाली, "तर मी आरसा मागितला नसता काय?"

तेव्हा आवडाबाईने दालनात पाहिले तो आरसा खरेच नव्हता. मग तिने चिठी पुन्हा वाचिली. लिहिले होते की, आमचे घरची सून नव्या तऱ्हेच्या चोळीत बोहल्यावर उभी राहील, पाठ मानेपासून कमरेपर्यंत मोकळी असावी, शेला घेऊ नये, केस वर बांधावे, पाठीस हळद अगर चंदन लावू नये. हे शेवटचे कलम वाचोन आवडाबाईचा हात थांबला. नवरीस हळद लावू नये ऐसे कोणती तऱ्हा सांगते? ती हळूच म्हणाली, "पोरी, ही चोळी नव्हे. ही तपासणी आहे. काय शोधतात तुझ्या पाठीवर?"

हंसाबाईने दाराकडे पाहिले. तो तिची मातुश्री आत आली, आणि तिने शिंपिणीपुढे, जी तिची रयत, दोन्ही हात जोडिले आणि म्हणाली, "आवडाबाई, माझ्या नणंदेस अंगावर कोड आहे. किल्ल्यावर कुणकुण गेली. तोंडाने विचारावे तर मोठेपणा जातो, म्हणोन हे असे विचारितात. नाही म्हणावे तर लग्न मोडते आणि का मोडले ते गावभर होते, मग द्वारकेस कोण करील? आणि वन्सं तिकडे मळ्यात सुखाने आहेत, त्यांचे नाव चव्हाट्यावर यावयाचे. हे या दाराबाहेर जाऊ नये." आवडाबाईने सुई दातातून काढिली, आणि चोळी कापिली, आणि आयुष्यात प्रथम कापताना एक शब्द बोलिली नाही.

माघ वद्य पंचमीस लग्न लागले. मी दफ्तराकडून आहेराच्या याद्या घेवोन मांडवात होतो. धुके ते दिवशी ऐसे की बोहले हवेत उचलल्यासारखे वाटे, आणि सनईचे सूर कोठून येतात ते कळेना, आणि त्या पांढरेपणात हंसाबाई चालत आली, आणि वळोन उभी राहिली, आणि मांडव चूप जाहला. पाठ उघडी, तिजवर दोन रेशमी बंद, बाकी काही नाही. ती थरथरत होती. मजला वाटले थंडीने. मग उमाऊसाहेबांकडील दोन वृद्ध बाया निरांजने घेवोन आल्या आणि त्यांनी नवरीस पाठीमागून ओवाळिले. पुढून ओवाळितात हे सर्वांस ठाऊक. पाठीमागून ओवाळिताना मी तेव्हाच पाहिले. तीन फेरे घेतले, सावकाश, ज्योत कातडीपाशी नेवोन, खांद्यापासून कमरेपर्यंत, जैसा सराफ नाणे पाहतो. मग एकीने उमाऊसाहेबांकडे मान हालविली, आणि त्यांच्या मुखावर हसू आले, आणि अक्षता पडल्या. मी हे सर्व पाहिले आणि काही समजलो नाही. मीही इतरांसारखा मनात म्हणालो, काय ही मुलगी.

मग बोभाटा उठला. पाणवठ्यावर तेच, पेठेत तेच, देवळात तेच. आठ दिवसांत राज्यातील अकरा सुवासिनींनी आईसाहेबांपाशी फिर्याद दिली की, बाजी नाईकांचे कन्येने उघड्या पाठीने बोहल्यावर उभे राहोन समस्त स्त्रीजातीची मर्यादा घालविली, तरी हिचे हळदीकुंकू बंद व्हावे. त्या अकरांतील तिघींनी आपापल्या लेकींसाठी आवडाबाईकडे तीच चोळी आधीच सांगोन ठेविली होती, दोन बोटे अधिक खोल. उमाऊसाहेबांस कोणी पुसिले, तो त्या म्हणाल्या, "आम्ही काय जाणो? माहेरची रीत असेल." आणि गवगवा वाढला तैसा त्यांनी सुनेस मेण्यात बसवोन माहेरी धाडिले की, निवाडा होईपर्यंत तिकडेच असो. निळोजीराव सज्जन, परंतु आईपुढे मान वर न करणारे. ते मेण्याबरोबर वेशीपर्यंत आले आणि वेशीवर उभे राहिले. फिर्यादीचा कागद मी लिहिला. झोकात लिहिला. 'कुलकलंकिनी' हा शब्द कोणी सांगितला नव्हता, तो माझ्या पदरचा, आणि लिहोन मी त्याच्या वळणावर खूश जाहलो.

फाल्गुन शुद्ध सप्तमीस सभा भरली. आईसाहेब म्हणजे राजमातोश्री, वय सत्तर, दृष्टी मंद, कान तीक्ष्ण. बायकांचे कज्जे त्यांचेपुढे चालत. सभा तळ्याकाठच्या मंडपात, तिन्ही अंगे मोकळी, आणि धुके आत येवोन लोकांच्या गुडघ्यांपर्यंत बसलेले, जणू तेही ऐकावयास आले. मी कागद वाचिला. 'कुलकलंकिनी' आला तेव्हा बाजी नाईकांनी डोळे मिटिले. आईसाहेब म्हणाल्या, "मुली, ती चोळी तू कोणाच्या सांगण्यावरून घातलीस?"

हंसाबाई खाली पाहत उभी. "सांगण्यासारखे नाही," म्हणाली.

"न सांगशील तर हे खरे धरावे लागेल."

"धरावे."

मग आवडाबाईस साक्षीस पुढे केली. आईसाहेबांनी पुसिले, चोळी कोणी सांगितली. आवडाबाईने हंसाबाईकडे पाहिले. हंसाबाईने नको म्हणोन मान हालविली, इतकी थोडी की पाहणारालाच दिसावी. आवडाबाईचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "आईसाहेब, मजपाशी मापे आहेत. तोंड नाही." सुवासिनींत कुजबूज जाहली, आणि उमाऊसाहेब शेला सावरोन ताठ बसल्या, आणि आता निवाडा होतो ऐसे सर्वांस वाटले.

तो धुक्यात वल्ह्याचा आवाज जाहला. नाव दिसेना, फक्त पाणी हालताना ऐकू येई, मग काठास लाकूड लागले, आणि धुक्यातून एक बाई वर आली, नखशिखान्त घोंगडीत गुंडाळलेली, मुखसुद्धा दिसेना, आणि लोक आपोआप दूर सरले. बाजी नाईक उठले आणि म्हणाले, "ताई, तू का आलीस?" ती बोलिली, "बावीस वर्षे आले नाही म्हणोन आले." मग ती सभेच्या मधोमध आली आणि तिने घोंगडी खांद्यावरून सोडिली. खाली बिनबाह्यांची जुनी चोळी होती. हात, मान, अर्धे मुख, सर्व अंगावर पांढरे. कोठे बेटांसारखे, कोठे ढगांसारखे, आणि त्या उजेडात तिचे अंग कोठे संपते आणि धुके कोठे सुरू होते ते मजला कळेना. स्वप्न म्हणावे तर माझ्या हातात लेखणी होती आणि तिची शाई माझ्या बोटावर ओघळत होती.

म्हाळसाबाई उमाऊसाहेबांपुढे जावोन उभी राहिली. "विहीणबाई," म्हणाली, "भावजयीकडून मजला चिठीचे सर्व कळले. पोरीच्या पाठीवर जे दिवा लावोन शोधलेत ते हे. मजपाशी आहे. पाहा पोटभर. दुखत नाही, खुपत नाही, कोणाचे कोणास लागत नाही. बावीस वर्षे या पोरीने माझ्या हाताने जेवण केले आहे. माझे नाव राखावे म्हणोन ती मुकी उभी आहे. तिला वाटते मी मळ्यात सुखी आहे." मग ती मजकडे वळली. "कारकून, लिहा. हळद लावू देऊ नका म्हणोन चिठीत होते तेही लिहा."

आवडाबाईने तेव्हा पदरातून चिठी काढिली आणि आईसाहेबांपुढे ठेविली. मी ती वाचिली. माझा आवाज मजलाच परका लागला.

आईसाहेबांनी पुसिले, "उमाऊ, हे तुम्ही का केले?"

उमाऊसाहेबांचे मुख पांढरे पडले होते. जैसे धरण फुटते तैसे त्या बोलिल्या, "मी काय वेगळे केले? माझ्या लग्नात मजला बंद खोलीत सहा बायांनी ओल्या फडक्याने घासोन पाहिले होते. रंग लावोन फसविते की काय म्हणोन. चोवीस वर्षे जाहली, अजोन कोणी पाठीमागे उभे राहिले की माझी कातडी आक्रसते. मी म्हटले, निदान या मुलीस खोलीत न्यावे न लागो. निदान वस्त्राचे निमित्त असो. मजला वाटले, मी दया केली." ऐसे बोलोन त्या रडू लागल्या, आणि सभेत त्यांस कोणी उगे करावयास गेले नाही, फक्त म्हाळसाबाई त्यांचेजवळ उभी होती ती तेथेच उभी राहिली.

मग आईसाहेबांनी हंसाबाईस जवळ बोलाविले. "आता कोणाचे झाकावयाचे उरले नाही. तुझे सांग. ती चोळी तुला नको होती ना?"

साऱ्या सभेस वाटले ती 'नव्हती' म्हणेल, आणि सर्वांस हायसे वाटेल, आणि मुलगी निर्दोष ठरेल. हंसाबाईने मान वर केली. "घालावयाची नव्हती," म्हणाली. "लाजेने मेले होते. निरांजनाची धग लागली तेव्हा तर वाटले, भूमीने पोटात घ्यावे. पण खरे सांगू, आईसाहेब? त्या बाया दूर गेल्यावर पाठीला वारा लागला. लहानपणी तळ्यात पोहत असू तेव्हा लागे तैसा. तो मजला आवडला. हे सांगितले म्हणजे मी पुन्हा वाईट ठरेन, हे ठाऊक आहे."

अकरा सुवासिनींत खळबळ माजली. एक म्हणाली, "पाहा, पाहा, ऐकिलेत!" तो आईसाहेबांनी हात वर केला, आणि त्या हसल्या, ज्यांस यजमान गेल्यापासून कोणी हसताना पाहिले नव्हते. म्हणाल्या, "माझ्या लग्नात मजवर इतकी वस्त्रे आणि इतके शेले घातले की मी बोहल्यावर मूर्च्छित पडले, आणि लोक म्हणाले, पाहा कैसी मर्यादशील, लाजेने कोसळली! लाजेने नव्हते. जीव गुदमरला होता. मजलाही कोणी विचारिले नव्हते, आणि हिलाही नाही. झाकणारेही तेच आणि उघडणारेही तेच." मग निवाडा सांगितला की, स्त्रीच्या वस्त्राची फिर्याद या सभेपुढे पुन्हा येऊ नये, आणि लग्नाच्या निमित्ताने कोण्या मुलीचे अंग, खोलीत अगर मांडवात, पाहोन घेऊ नये, घेईल तो राज्याचा गुन्हेगार; आणि ज्या कारकुनाने 'कुलकलंकिनी' लिहिले त्याने तो शब्द सर्वांसमक्ष आपल्या हाताने खोडावा. मी खोडिला. एका रेघेने जाईना, दुसरी मारिली. हंसाबाई पाहत होती. मी काही बोलू गेलो, तो ती म्हणाली, "अक्षर चांगले आहे तुमचे," आणि ते मजला आजवर लागोन राहिले आहे.

निवाडा जाहला म्हणोन सर्व गोड जाहले ऐसे नाही. द्वारकेचे एके ठिकाणी बोलणे चालले होते ते आठ दिवसांत मोडले, आणि ती तीन दिवस जेवली नाही, आणि आत्यास म्हणाली, "तुम्ही आला नसता तर बरे होते," आणि मग तिच्याच मांडीवर डोके ठेवोन रडली. दीड वर्षाने नाव बांधणाऱ्या सुतारांच्या घरचे स्थळ आले. त्यांनी मुलीस एकच पुसिले की पोहता येते काय. ते लग्न जाहले. त्या फिर्यादी बाया पाठमोकळ्या चोळ्या शिववीत राहिल्या आणि एकमेकींच्या लेकींस नावे ठेवीत राहिल्या, इतकेच की आता हळू आवाजात. म्हाळसाबाई मळ्यातच राहिली, परंतु चैत्रात एके दिवशी उघड्या हातांनी पेठेत आली आणि कासाराच्या दुकानी बांगड्या भरावयास बसली. कासार म्हातारा, त्याने तिच्या हातावरील पांढरे पाहिले, क्षणभर थांबला, मग हात आपल्या हाती घेवोन दाबोन म्हणाला, "हाड बारीक आहे, आक्का, लहान बांगडीचे माप लागेल. रंग कोणता?" ती इतका वेळ रंग पाहत बसली की मागील गिऱ्हाइके परत गेली, आणि कासार एकेक जोड पुढे ठेवीत राहिला.

निळोजीराव सभेनंतर तिसरे दिवशी मेणा घेवोन आले. हंसाबाई दारात आली. ते म्हणाले, "मजला खरेच ठाऊक नव्हते." ती म्हणाली, "ठाऊक करोन घेतले नाही." ते म्हणाले, "होय." आणि मेणा परत धाडिला, आणि स्वतः नावेतून मळ्याकडे येऊ लागले, कारण ती तिकडे आत्यापाशी राहावयास गेली होती. दर पंधरवड्यास येत, ओट्यावर बसत, दिलेले पाणी पीत, आणि जात. पाचव्या खेपेस उमाऊसाहेब बरोबर आल्या. त्या आणि म्हाळसाबाई आत जावोन बसल्या. काय बोलिल्या ते कोणास ठाऊक नाही, परंतु बाहेर आल्या तेव्हा म्हाळसाबाईने उमाऊसाहेबांच्या पाठीवर हात ठेविला होता, आणि उमाऊसाहेबांनी तो ठेवू दिला. पुढील मार्गशीर्षी हंसाबाई आपल्या मर्जीने किल्ल्यावर नांदावयास गेली. नावेतून गेली, पुढे उभी राहोन. ते दिवशी कोणती चोळी घातली होती म्हणोन मजला आजही लोक पुसतात. मी काठावर होतो. पाहिली नाही, पाहिली असती तरी लिहिली नसती.

तात्पर्य, कज्जा चोळीचा म्हणोन उभा राहिला, आणि त्यात मुलीस सोडोन सर्वांस विचारिले गेले, आणि तिला विचारिले तो कज्जा उरला नाही. जैसे घडले तैसे लिहिले. खोडलेला कागद दफ्तरी ठेविला आहे, साहेबी मर्जीस येईल तेव्हा पाहावा. लेखनात चूक असेल ती लिहिणाराची. धीर ज्यांचा त्यांचाच.